चार जीबी आणि बारा जीबी

यवतमाळच्या बाबुलालच्या दुकानातून आणलेलं खोकं राखीनं नेरच्या बसमध्ये मांडीवरच धरून ठेवलं होतं. वर फळीवर जागा होती, पण तिथं ठेवायला तिला धीर होत नव्हता. दिवाळी नुकतीच झाली होती. सोयाबीन घरात आलं होतं, कापसाचा पहिला वेचा चालू होता, आणि बसमध्ये जिकडेतिकडे तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांचीच बोलणी होती. तिकीट देता देता कंडक्टरनं विचारलं, "मिक्सर घेतलं काय ताई?"

"नाई भाऊ. कार्ड हाय."

"एवढे? लय मोठं वऱ्हाड बोलावून राह्यले मंग."

राखी हसली. समजावून सांगत बसली असती तर नेर आलं असतं.

खोक्यात ग्राफिक्स कार्ड होतं, आरटीएक्स ३०६०. कॉम्प्युटरमध्ये चित्राचं सगळं ओझं हेच कार्ड वाहतं. बाबुलालनं ते दोन दिवस वापरून पाहायला दिलं होतं. "तुह्या कामाले पुरलं त ठेव, नाई त आणून दे," तो म्हणाला होता, "फक्त खोकं फाडू नको."

राखीचं काम म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग. नेरच्या बस स्टँडजवळचं 'शंकर व्हिडिओ' हे दुकान तिच्या वडिलांनी, शंकरसिंग राठोडांनी सुरू केलेलं. खांद्यावर कॅमेरा घेऊन तालुक्यात हिंडणाऱ्या पहिल्या एक-दोघांतले ते. त्यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत; हा कॅमेरा लादून फिरतो, असं तांड्यातली म्हातारी माणसं म्हणत. आता त्यांनी सत्तरी गाठली होती. शूटिंगला राखीचा नवरा संजय जायचा, मिक्सिंग राखी करायची, आणि शंकरसिंग रोज सकाळी येऊन दारातल्या खुर्चीवर बसायचे. ज्यांची लग्नं त्यांनी काढली होती ती माणसं येताजाता थांबायची, नातवंडं दाखवायची, आणि पुढं जायची.

राखीनं खोकं टेबलावर ठेवलं तसे ते उठून आत आले.

"आपलं कार्ड मेलं काय?"

"मेलं नाई बापू. थकलं."

दुकानातलं कार्ड जीटीएक्स १०५० टीआय होतं. राखीनं ते हौसेनं घेतलं होतं तेव्हा नेरमध्ये तसं कार्ड दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. त्याच्यावर तिनं शेकडो लग्नं पार पाडली होती. गुलाबाच्या फुलातून नवरा-नवरी उमलायची, आकाशातून कबुतरं यायची, ते सगळं त्यानं निमूट केलं होतं.

"अन् ह्या नव्यात काय हाय असं?" शंकरसिंगांनी विचारलं.

"जुन्यात चार जीबी मेमरी हाय, ह्याच्यात बारा. जुन्यात काम करणारे कोअर सातशे अडुसष्ट, ह्याच्यात साडेतीन हजाराच्या वर. मजूर समजा ना बापू. वावर तेच, पण वेचायले बाया किती आल्या, असं."

"खाते किती?"

"जुनं पंच्याहत्तर वॅट. हे एकशे सत्तर."

शंकरसिंगांनी खोक्यावरून हात फिरवला. "म्हंजे दुपटीहून जास्त खाते. काम दुपटीहून जास्त करते काय, ते पाय आधी."

"त्याहून लय जास्त करते म्हंतात."

"म्हंतात त सगळेच. लावून पाय."

तपासायला राखीकडं एक कॅसेट होतीच. नेरजवळच्याच एका गावातल्या विमलताई आदल्या आठवड्यात आपल्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मुलीचं, दिपालीचं लग्न ठरलं होतं, आणि दिपालीचा हट्ट होता की हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर आधी आई-बाबांचं लग्न दाखवायचं. लग्न अठ्ठ्याण्णव सालचं, कॅमेरा शंकरसिंगांचा. दुकानात एक व्हीसीआर अजून जिवंत होता. त्यावरून राखीनं कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली, पण त्या जुन्या चित्रात चेहरे म्हणजे पिठाचे गोळे झाले होते. ते मोठं आणि स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर तिच्याकडं होतं. ते एकेक फ्रेम घेतं, आणि पुसट जागी काय असेल त्याचा अंदाज बांधून ती भरून काढतं.

राखीनं कॅसेटमधला दहा मिनिटांचा तुकडा निवडला. मांडवातल्या पाहुण्यांपासून पाठवणीपर्यंतचा, मधल्या आंदणाच्या सामानासकट. हाच तुकडा आधी जुन्या कार्डावर चालवायचा, मग नव्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जुन्यावर सुरू केलं. सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती होत्या, एक हलकी, एक भारी. भारी निवडली की मेमरी पुरत नाही असा निरोप येऊन सगळं बंद पडायचं. म्हणून हलकीच लावली.

त्याच वेळी विमलताई आल्या. कुठवर आलं ते पाहायला म्हणून आल्या, आणि पडद्याकडं पाहत उभ्याच राहिल्या. पडदा दोन भागांत होता. डावीकडं जुनं चित्र, उजवीकडं स्वच्छ केलेलं. कार्ड सेकंदाला जेमतेम दोन फ्रेम काढत होतं. लग्नातला एक सेकंद सरायला इथं बारा-तेरा सेकंद लागत होते.

"अटकलं काय वं?" विमलताईंनी विचारलं.

"नाई काकू. हळू चालून राह्यलं. बसा."

त्या स्टुलावर बसल्या. पडद्यावर मांडवात एक बाई पान खात होती. तिचा हात तोंडाकडं जायला बराच वेळ लागला.

"ही माही राळेगावची मावशी," विमलताई म्हणाल्या. "पान सोडलं नाई तिनं शेवटलोक." हात तोंडापाशी पोचला. "अन् मांगं उभा हाय तो माहा भाऊ. तो कोट त्याचा नाई. बाजूच्या घरचा मांगून आणला होता. पाय ना, बाह्या कुठं गेल्या."

शंकरसिंग खुर्ची सरकवून जवळ आले. "जनरेटर बंद पडलं होतं तुमच्या लग्नात."

"व्हय. स्वयंपाकाच्या टायमाले."

"तोवर माही बॅटरी उतरली होती. मंग तुमच्या बापानं ट्रॅक्टर आणून उभा केला, त्याच्या बॅटरीवर मी लाईट चालवली."

"मले कुठं ठाऊक? मी त आत बसली होती."

असं एकेक माणूस ओळखत ते दोघं बसले. राखीनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर एका बारशाचं काम काढलं होतं, पण तिचे कान इकडंच होते. ज्यांना विमलताई विसरल्या होत्या त्यांना ओळखायलाही वेळ मिळत होता. एका म्हाताऱ्याच्या नावासाठी त्या पाच-सहा फ्रेम अडून बसल्या आणि तो फेटा सावरत कडेला जाईपर्यंत त्यांना नाव सापडलंही.

मग आंदणाचं सामान आलं. त्या काळी प्रत्येक लग्नात ते सगळं कॅमेऱ्यात घ्यायची रीत होती. पलंग, त्यावर गुंडाळलेली गादी, स्टीलचे गुंड, शिलाई मशीन. कॅमेरा हळूहळू उजवीकडं सरकत होता. शेवटी लोखंडी आलमारी आली, दारावर लांब आरसा असलेली. आरशाच्या कडेला आधी नुसता पांढरा झोत दिसला.

"इथं चूक झाली माही," शंकरसिंग म्हणाले. "आरशात लाईट गेली. तिरपं घ्याले पाह्यजे होतं."

पुढच्या फ्रेममध्ये झोत थोडा सरकला. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक काळासावळा माणूस अर्धा दिसला. केस दाट होते. मग झोत आणखी सरकला आणि त्याच्या मागं लाईट उंच धरून उभी असलेली बाई दिसली. बंजारा बायकांचा घेरदार फेटिया घातलेली, दंडापर्यंत बलिया-बांगड्या, डोक्यावरून घेतलेल्या ओढणीचं टोक दातात. नाकात भुरिया, हनुवटीवर गोंदण. ती कॅमेऱ्याकडं पाहत नव्हती. बाजूला कुठंतरी पाहून हसू आवरत होती.

राखीनं हात पुढं करून ते थांबवलं.

घरी ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत, दुकानात गिऱ्हाईक असलं की वऱ्हाडीत. शंकरसिंग गिऱ्हाईक विसरले. "ई याडी छ," ते हळू म्हणाले. मग विमलताईंकडं वळून म्हणाले, "राखीची माय हाय. रुपीबाई."

रुपीबाईला जाऊन चार वर्षं झाली होती. शंकरसिंगांनी इतकी लग्नं काढली, पण बायकोला कधी कॅमेऱ्यासमोर उभं केलं नाही. कॅसेट महाग असायची आणि ती गिऱ्हाइकाची असायची. घरात तिचे दोन फोटो होते. एक रेशन कार्डासाठी काढलेला, त्यात ती घाबरलेली दिसायची. दुसरा नातीच्या बारशातला, म्हातारपणचा. मधली रुपीबाई कुठंच नव्हती.

"त्या लाईट धरत होत्या?" विमलताईंनी विचारलं.

"देवराव नावाचा गडी होता माह्याजवळ लाईट धराले. त्या वर्षी ऐन सीझनात त्यानं काम सोडलं. दुसरा भेटे ना. मंग ही म्हनली, मी येतो." शंकरसिंग पडद्याकडंच पाहत होते. "हॅलोजनची लाईट तापे लय. हात भाजे. तरी खाली करे नाई. लोक नवरीकडं कमी अन् हिच्याकडं जास्त पाहेत. एक सीझन आली. मंग राखीची शाळा होती, नाई आली."

राखी तेव्हा अकरा वर्षांची होती. आई काही दिवस संध्याकाळी घरी नसायची आणि आजीजवळ झोपावं लागायचं, एवढंच तिला आठवत होतं. आई परत यायची तेव्हा ओढणीच्या गाठीत बुंदी असायची. कुठून यायची ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

तिनं पुन्हा सुरू केलं. आरसा ओलांडून जायला कॅमेऱ्याला अर्धा सेकंद लागला असेल. कार्डानं त्याला सहा-सात सेकंद घेतले. शंकरसिंग म्हणाले, "मांगं घे." तिनं मागं घेतलं. असं तीनदा झालं. मग तेच म्हणाले, "बस. त्यांचं काम होऊ दे."

जेवण झाल्यावर राखीनं नवं कार्ड बसवायला घेतलं. ते लांबीला एवढं होतं की कॅबिनेटमध्ये मावेना. आतली हार्ड डिस्कची चौकट काढून टाकावी लागली. जुनं कार्ड बोर्डावरूनच वीज घ्यायचं, ह्याला वेगळी वायर लागत होती, आणि जुन्या एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, ती नव्हतीच. दुसऱ्या कॉम्प्युटरचा मोठा एसएमपीएस काढून जोडला, तेव्हा कुठं पंखे फिरले. विमलताई घरी गेल्या नव्हत्या. बस चुकली म्हणाल्या, पण त्यांच्या गावाच्या बस दर अर्ध्या तासानं होत्या.

ह्या वेळी राखीनं भारी पद्धत निवडली. मेमरीची तक्रार आली नाही. तोच तुकडा सुरू झाला आणि तिघांच्याही लक्षात आलं की आता लग्न चालू लागलंय. सेकंदाला बारा-तेरा फ्रेम. मावशीनं पान तोंडात टाकलं आणि चावलंही. तिच्या लुगड्याचे काठ मोजता येत होते. भावाच्या कोटाची बटणं दिसत होती. गुंडांवर कोरलेलं विमलताईंच्या वडिलांचं नाव वाचता येत होतं.

आलमारी आली आणि गेली. राखीनं थांबवून मागं घेतलं.

आरशातली बाई आता लख्ख होती. ओढणीच्या आरशांची नक्षी, बलियांच्या रेघा, सगळं होतं. चेहरा गोरटा, गुळगुळीत, कुठल्याही पोस्टरवर शोभेल असा. नाकात भुरिया नव्हती. तिथली चमक डाग समजून पुसली गेली होती. हनुवटीवरचं गोंदण गेलं होतं. दातात धरलेलं ओढणीचं टोक ओठांत विरघळलं होतं, आणि ती नुसतीच कुठंतरी पाहत होती.

शंकरसिंगांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "ई याडी छेनी," ते म्हणाले.

"नाई, आईच हाय बापू. पण तिनं... मशीननं मनानं भरलं. चित्रात चेहरा एवढासाच होता. हलक्या पद्धतीनं जेवढं होतं तेवढंच साफ केलं. ह्यानं नसलेलंही काढलं."

"कोणाची बाई हाय मंग ही?"

"कोणाचीच नाई."

राखीला बाबुलालचं खोकं आठवलं. परत द्यायचं झालं तर ते तसंच न फाटता कोपऱ्यात होतं. तरी तिनं थांबवलेलं लग्न पुन्हा सुरू केलं, आणि पाठवणी आली. संध्याकाळ, अंधारलेला मांडव, रडणाऱ्या बायकांचा घोळका. डावीकडच्या जुन्या चित्रात मांडवाच्या खांबाशी एक काळा ठिपका होता. सकाळी तो ठिपका ठिपकाच राहिला होता आणि कुणी त्याच्याकडं पाहिलंही नव्हतं. आता उजवीकडं तिथं एक माणूस उभा होता. धोतर, टोपी, उपरण्याचा बोळा तोंडाशी धरलेला.

विमलताई स्टुलावरून उठल्या. "बाबा."

राखीनं लगेच थांबवलं. आत्ताच्या अनुभवानं ती सावध झाली होती. "काकू, नीट पाहा. हे मशीन मनानंही काढते. तेच हायेत काय?"

विमलताईंनी पडद्याजवळ तोंड नेलं. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. "नाक काही त्याचं नाई हे. त्याचं जाड होतं. पण उभा राहाणं त्याचंच हाय. एक पाय खांबाले लावून. वावरात बी असाच उभा राहे." त्या परत बसल्या. "मले सगळे म्हनत, तुहा बाप पाठवणीले कुठं गेलता? पोरगी जाऊन राह्यली अन् हा कुठं गेलता? मलेबी वाटे, नाई आला. इतके वर्ष वाटलं. हा त तथीच होता."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. शंकरसिंगांनी त्यांना पाण्याचा गिलास दिला.

काम संपलं तेव्हा ऊन टेबलावरून खाली उतरलं होतं. जुन्या कार्डानं ह्याच तुकड्याला दोन तास घेतले होते. नव्यानं वीस मिनिटांच्या आत संपवलं.

"सहा पट झालं बापू," राखी म्हणाली. "अन् हलकी पद्धत लावली त त्याहूनबी जलद. ह्याच्यावर दोन्ही चालते. जिथं जी लागन ती लावीन."

शंकरसिंगांनी थोडा विचार केला. "मंग खाऊ दे त्याले. ठेव." आणि मग म्हणाले, "पण तुह्या आईचं सकाळचंच राहू दे."

"त्याचा फोटो काढू काय? मोठा करून देतो, भिंतीवर लावाले."

"मोठा नको. हाय तेवढाच काढ."

तिनं तेवढाच काढला. बोटभर रुपीबाई, थोडी पुसट. शंकरसिंगांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी विमलताईंचे यजमान भगवानराव पेन ड्राइव्ह न्यायला आले. कापसाच्या गाडीबरोबर मार्केटला आले होते, अंगावर कापसाचे पुंजके चिकटले होते. पूर्ण लग्नाचं काम अजून व्हायचं होतं, पण राखीनं झालेला तुकडा आणि मंगलाष्टकांचा भाग त्यांना दाखवायला म्हणून पडद्यावर लावला. भगवानराव मोजकं बोलणारे. त्यांनी उभ्या उभ्याच पाहिलं. पडद्यावर अंतरपाटामागं उभा असलेला बारीक अंगाचा नवरदेव एकाएकी हसू लागला, मान खाली घालून, बाशिंग हालेपर्यंत.

"ह्याच्यावरून घरी मले आतालोक बोलणे बसतात," भगवानराव म्हणाले. "भटजी मंगलाष्टकं म्हनून राह्यला अन् हा हसते. सासऱ्यालेबी राग आलता."

"काहून हसले मंग?" राखीनं विचारलं.

"तुह्या आईनं हसवलं ना."

शंकरसिंगांनी दारातून मान वळवली.

"त्या लाईट धरून समोरच उभ्या होत्या," भगवानराव सांगू लागले. "मी भेलो होतो. मान वर होये ना. त्या म्हने, 'नवरदेव, मान वर करा. लगन हाय तुमचं, कोर्टाची तारीख नाई.' मी तरी वर पाहो ना. मंग त्याइनं लाईट माह्यावरून काढली अन् अंतरपाटाच्या वरून तिकडं नवरीवर धरली. म्हने, 'नवरी मीच दाखवतो आता, माहे हात दुखून राह्यले.' मले हसूच आवरलं नाई."

राखीनं तो भाग पुन्हा लावला. खरंच, नवरदेवाच्या चेहऱ्यावरचा उजेड एका क्षणी दुसरीकडं जात होता, आणि त्याच वेळी त्याला हसू फुटत होतं. आवाज मात्र बाईचा नव्हता. त्या भागावर सनईची धून होती. तेव्हा मिक्सिंगमध्ये मूळ आवाज काढून टाकून वर सनई चढवायची रीतच होती. चढवणारे शंकरसिंगच.

"मूळ टेप?" राखीनं विचारलं.

"मूळ कुठून राहीन? त्याच टेपवर पुढचं लग्न काढो आपण." शंकरसिंग आत आले होते. "मले ऐकूच नाई आलं हे. माहा डोळा कॅमेऱ्यात. मी त तिच्यावर रागावलो होतो, लाईट काहून हालवली म्हनून."

"मंग? काय म्हनल्या त्या?" भगवानरावांनी विचारलं.

"काही नाई. हसली."

भगवानराव जायला निघाले होते. बाहेर त्यांचा गाडीवाला हाका मारत होता. शंकरसिंगांनी त्यांच्या हाताला धरून आपली खुर्ची पुढं केली.

"बसा जरा," ते म्हणाले. "चहा घ्या. अन् ते एकदा परत सांगा. काय म्हने ती? कोर्टाची तारीख नाई, असं?"

भगवानरावांनी गाडीवाल्याला हातानंच थांब म्हणून खुणावलं, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.